ताटावरच्या नजरा

कुटुंबासोबत परदेशी गेलं की विमान, हॉटेल, चालणं, थंडी या सगळ्यांपेक्षा जास्त बोलणं होतं ते जेवणाबद्दल. कुठे जेवायचं, काय मिळेल, कोणाला काय चालणार नाही. आमच्या जपानच्या सहलीतही तेच झालं. फरक इतकाच की आमच्या घरातल्या एका माणसासाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. माझ्या धाकट्या बहिणीला अनोळखी अन्नाची धास्ती वाटते. काही वर्षांपूर्वी प्रवासात तिचं पोट फार वाईट बिघडलं होतं. तेव्हापासून घराबाहेरचा घास हातात घेतला की तिच्या मनात आधी येतं, ‘उलटी झाली तर?’ थोरली बहीण, आमची ताई, नोकरीमुळे बरीच वर्षं परदेशात राहिलेली आणि समोर येईल ते आवडीने खाणारी. मी दोघींच्या मधला. सोबत शाकाहारी आई-बाबा आणि ताईचा नऊ वर्षांचा मुलगा.

ओसाकात दोतोंबोरीच्या कालव्याजवळ आम्ही ओकोनोमियाकी खायला बसलो होतो. कोबी, पीठ आणि अंडं यांचं जाड धिरडं तव्यावर समोरच भाजून देतात. मांस नको, असं ताईने नीट सांगितलं होतं. तरी शेवटी वरून माशाच्या कागदासारख्या पातळ कात्र्या पडल्याच. आईने शांतपणे ताट बाजूला सारलं. धाकटी उठून बाहेर गेली. रात्री सगळे झोपल्यावर भाड्याच्या घराच्या छोट्याशा स्वयंपाकघरात दोघी बोलत बसल्या. दोघींच्या संमतीनेच ते बोलणं इथे मांडतो आहे.

ताई : तू उठून का गेलीस? तव्यावरचं तसंच करपत राहिलं. आईचं लक्ष लागेना, बाबा दाराकडे बघत बसले. कोणीच धड जेवलं नाही.

धाकटी : त्या कात्र्या हलत होत्या, ताई. जिवंत असल्यासारख्या.

ताई : अगं, वाफेने हलतात त्या. बोनितो मासा उकळून, धुरावून, पुढे कितीतरी आठवडे वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि मग सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर तासतात. इतक्या पातळ की गरम हवेनेही थरथरतात. यात घाबरण्यासारखं काही नाही.

धाकटी : तू सांगितलंस ते मला समजलं. पण त्या वेळी माझ्या घशात आवंढा अडकला होता, तो समजावल्याने खाली जात नाही.

ताई : मग ‘मी शाकाहारी आहे’ एवढं म्हणून बसून राहायचंस. आई बसलीच ना?

धाकटी : आईचं वेगळं आहे. आई खाणार नाही, कारण तिने तसं ठरवलंय. ती शांत असते. भूक लागली तरी तिच्या मनात गोंधळ नसतो. मी मात्र पुष्कळदा ‘शाकाहारी आहे’ या वाक्याच्या आड लपते. कारण ते म्हटलं की लोक गप्प बसतात. ‘मला भीती वाटते’ म्हटलं की समजूत घालायला लागतात.

हे तिने इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच सांगितलं. मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या घरांमधला सगळा घोळ इथेच होतो. जेवणाच्या टेबलावर तीन माणसं ‘नको’ म्हणतात. एकाचं व्रत असतं किंवा नेम असतो. दुसऱ्याला अ‍ॅलर्जी असते. तिसऱ्याला धास्ती वाटत असते. तिघांचं ‘नको’ ऐकायला सारखंच. नेमवाल्याला दुसरा पदार्थ मिळाला की त्याचं काम झालं. अ‍ॅलर्जीवाल्याला पूर्ण खात्री लागते. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ‘थोडं खाऊन तर बघ’ म्हणणं जिवावर बेतू शकतं, तिथे आग्रहाला जागाच नाही. जपानमध्ये पाकिटबंद पदार्थांवर कोळंबी, खेकडा, गहू, सोबाचं कुट्टू, अंडं, दूध, शेंगदाणा, अक्रोड यांचा उल्लेख कायद्याने करावाच लागतो, तो यासाठीच. त्या सक्तीच्या यादीत बोनितो नाही. म्हणजे जे लेबल अ‍ॅलर्जीवाल्याचा जीव वाचवतं, ते आईच्या शाकाहाराला पुरत नाही. आणि धास्तीवाल्याला तर दुसरा पदार्थही पुरत नाही आणि लेबलही पुरत नाही. पण आपण त्याला कधी आईसारखं वागवतो, कधी अ‍ॅलर्जीच्या रुग्णासारखं, आणि बहुतेक वेळा हट्टी मुलासारखं.

ताई : बरं, भीती आहे हे मान्य. पण मी काय करत नाही सांग. प्रत्येक ठिकाणी विचारते, फोनवर भाषांतर करून दाखवते. कशात मासा आहे, कशात नाही, हे सगळं तुला सांगते.

धाकटी : तेच नको होतं. तू पहिल्याच संध्याकाळी सांगितलंस की मिसो सूपमध्ये दाशी असते. मग म्हणालीस, उदोनच्या रश्श्यात असते, तेंपुराच्या चटणीत असते, अंड्याच्या गुंडाळीत असते, इनारीच्या गोडसर तोफूच्या पिशवीतही असते. पालक नुसता उकडलेला दिसला तरी त्यावर दाशी ओतलेली असू शकते. त्यानंतर मला प्रत्येक वाटीत काहीतरी लपलेलं दिसायला लागलं.

ताई : पण खरं तेच आहे. हा स्वयंपाक उभाच दाशीवर आहे. कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि हे बोनितो, यांचं पाणी. किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये त्या कोंबूतूनच उमामी चव शोधून काढली. मी खोटं सांगायचं होतं का?

धाकटी : खोटं नको. आईला सगळं सांग, तिला ते हवंच आहे. तिच्या नेमाचा प्रश्न आहे. मला एवढंच सांग की मी काय खाऊ शकेन. ‘यात आहे, त्यातही आहे’ हे ऐकून माझी दारं बंद होतात. ‘हा साधा भात, या मीठ लावलेल्या एदामामेच्या शेंगा, हे भाजलेलं रताळं’ असं म्हटलंस तर एखादं दार उघडं राहतं.

ताईला हे पटलं असं वाटलं नाही. तिच्या लेखी माहिती म्हणजे सुरक्षितता. आयुष्यभर ती माहितीच्या जोरावर अनोळखी शहरांत वावरली आहे. पण धाकटी म्हणते ते मी सहलीत डोळ्यांनी पाहिलं. खाली कोपऱ्यावरच्या सेव्हन इलेव्हनमध्ये ती एकटी जायची, तेव्हा वीस मिनिटं शांतपणे वस्तू उलटसुलट करून बघायची, फोनचा कॅमेरा लेबलवर धरायची आणि केळी, दही, पाकिटातला शिजवलेला भात असं काहीतरी घेऊन परत यायची. तिथे तिला कोणी काही सांगत नव्हतं आणि कोणी बघतही नव्हतं.

ताई : आणि मग तो भात मेतकूट घालून खायचा. जपानपर्यंत येऊन मेतकूट-भात!

धाकटी : तांदूळ इथला आहे, मेतकूट ठाण्याचं आहे. मला तर हा चांगला मेळ वाटतो.

ताई : तुझी अर्धी बॅग खाण्याने भरली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उपम्याची पाकिटं, खाकरे, वर ती छोटी किटली. मी निघण्याआधी गोडा मसाला काढला नसता तर सिंगापूरला विमान बदलताना खसखशीचा वेगळाच घोळ झाला असता.

हे मात्र ताईचं अगदी बरोबर होतं. खसखस सिंगापूरला आणि दुबईलाही चालत नाही, आणि आपल्या गोड्या मसाल्यात ती असते, हे कितीतरी घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. जपानमध्ये मांसाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या, पानं नेता येत नाहीत. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेणं मना आहे, म्हणजे पेढे आणि तूप घरीच ठेवायचं. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही बरोबर असेल ते विमानतळावर जाहीर करावं लागतं. डबा नेणाऱ्याने हे आधी बघून ठेवलं तर बरं. धास्ती असलेल्या माणसाने ज्याच्यावर भिस्त ठेवली तोच डबा विमानतळावर कचऱ्यात गेला, तर ती सहल तिथेच मोडते.

ताई : मला डब्याचा राग नाही गं. मला भीती वाटते ती वेगळीच. तू दरवेळी उठून जातेस, डबा उघडतेस, आणि तुला हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. टाळलं म्हणून वाचले, असं मन शिकतं. आधी तू बाहेरची इडली खायचीस. मग ती सुटली. मग लग्नातलं जेवण सुटलं. आता चहासुद्धा स्वतःच्या बाटलीतून. उद्या काय सुटेल?

धाकटी बराच वेळ बोलली नाही. ताईच्या बोलण्यातलं हे सगळ्यात खरं होतं आणि तिला ते माहीत होतं.

धाकटी : माझ्या समुपदेशक बाईही हेच सांगतात. टाळल्याने भीतीला बळ मिळतं. म्हणून हळूहळू सामोरं जायचं, एकेक पायरी करून. पण पायरी मी निवडायची, असंही त्या सांगतात. तू मला थेट वरच्या मजल्यावर नेऊन उभी करतेस.

ताई : मग कुठल्या पायरीवर आहेस, हे मला कळायला नको?

धाकटी : कळायला हवं, पण जेवताना नको. तुला माहीत आहे का, भीती वाटली की पोट काम थांबवतं. अंगाला वाटतं की धोका आहे, मग ते पचन मागे टाकतं. अन्न जठरात रेंगाळतं, मळमळतं, आतडी मात्र घाईला येतात. आणि ती मळमळ अन्न बिघडल्याच्या मळमळीसारखीच असते, अगदी हुबेहूब. मला आतून फरक कळत नाही. मला वाटतं, झालं, बाधलं. मग आणखी भीती, आणखी मळमळ. आणि उपाशी राहिले तरी तेच, रिकाम्या पोटीही मळमळतंच. म्हणून माझा एक नियम आहे, दर तीन तासांनी काहीतरी ओळखीचं पोटात गेलंच पाहिजे. पोट रिकामं असलं तर नवीन काही चाखायची माझ्यात ताकदच नसते.

ताई : म्हणून दशम्या.

धाकटी : म्हणून दशम्या. त्या पोटात असल्या की मी इकडचं एखादं काहीतरी तोंडात घालू शकते. नारा स्टेशनवर मी तो मोची खाल्ला ना? तुला आठवतं, त्याआधी अर्धी दशमी खाल्ली होती.

ताई : मोची खाल्लास? मला कळलंच नाही.

धाकटी : तू बाबांबरोबर हरणं बघायला पुढे गेली होतीस, म्हणून खाल्ला.

ताई या वाक्याने दुखावली. मलाही ते लागलं. पण मला वाटतं, कुटुंबाच्या सहलीत धास्तीचं खरं ओझं कुठे असतं, ते या वाक्यात आहे. अन्नापेक्षाही ताटावर खिळलेल्या नजरांचा ताण जास्त असतो. आपण मराठी माणसं तर आग्रहात वाढलेली. पंगतीत वाढणाऱ्याने ‘आणखी एक’ म्हटलं नाही तर यजमान कोता समजला जातो, आणि पाहुण्याने पहिल्या आग्रहाला होकार दिला तर तो हावरा. घरोघरी आईने ‘एक तरी घे’ म्हणूनच माया केली. त्या आग्रहात मी स्वतः सुखाने वाढलो आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण घशात भीती दाटलेल्या माणसाला तोच आग्रह चहूबाजूंनी घेरल्यासारखा वाटतो. सहा माणसं त्याच्या घासाकडे बघत असतात आणि घास घेतला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. तो उजळलेला चेहराही नको असतो. कारण पुढच्या वेळी तो विझेल याचीही चिंता मागे लागते.

ताई : पण कुटुंबात एकमेकांकडे बघायचंच नाही का? तू उपाशी असताना मी मजेत कशी जेवू?

धाकटी : तुझ्या मुलाला जेवायला बसवतेस तेव्हा कशी जेवतेस?

ताई : म्हणजे?

धाकटी : तो इथे आल्यापासून भात आणि दहीच खातोय. काल फक्त रताळं खाल्लं. तू त्याला काही म्हणालीस? उलट आई म्हणाली, ‘अगं, त्याला सूप तरी दे,’ तेव्हा तूच म्हणालीस, ‘आई, काय आणि कधी वाढायचं ते मी ठरवते, खायचं की नाही आणि किती, ते तो ठरवेल.’

ताईने एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांचं हे सूत्र मुलाच्या लहानपणीच वाचलं होतं आणि ती ते निष्ठेने पाळते. पालकांनी आपलं काम करावं आणि मुलाच्या पोटाचा निर्णय त्याच्यावर सोपवावा. मुलगा टेबलावर सगळ्यांबरोबर बसतो, समोर एक तरी ओळखीचा पदार्थ असतो, बाकीच्या वाट्या असतात, त्यांना हात लावला तर लावला. ओकोनोमियाकीच्या दुकानातही तो निवांत होता. त्याने ती हलणारी कात्री काडीने उचलून बघितली आणि परत ठेवली. कोणी काही बोललं नाही.

ताई : तो लहान आहे.

धाकटी : मी मोठी आहे म्हणून मला कमी मोकळीक?

ताई : मोठी आहेस म्हणून जास्त अपेक्षा. आणि खरं सांगू? सगळी सहल तुझ्याभोवती फिरते. बाबांना इथे सुशी बनवताना नुसतं बघायचं होतं, तरी ते म्हणाले, ‘नको, हिला वास सहन होणार नाही.’ आई काही मागत नाही. मी रोज रात्री नकाशावर जेवणाच्या जागा शोधत बसते. मला थकवा येतो. हे बोलायचं नसतं, पण येतो.

धाकटी : बोलायला हवं. मला ते रोज दिसतं आणि त्यानेच माझं पोट आणखी आवळतं. तुम्ही जा ना. बाबांना घेऊन सुशीच्या दुकानात जा. मी समोरच्या बाकावर बसेन. मला सोडून जेवलात तर मला वाईट वाटणार नाही. माझ्यामुळे न जेवता बसलात तर वाटेल.

ताई : आपल्याकडे असं कोणी करत नाही.

धाकटी : आपण करून बघू.

यानंतर ताईने इतिहास काढला. ती नेहमी तसं करते आणि त्यातून खरंच काही मिळतं. म्हणाली, ज्या देशात आपण बसलोय त्यालाही अन्नाची धास्ती होतीच. 675 मध्ये तेन्मू सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. पुढे शेकडो वर्षं इथल्या लोकांना चार पायांच्या प्राण्यांचं मांस अपवित्र वाटायचं. मग 1872 च्या सुरुवातीला मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि हळूहळू लोक खायला लागले. आज याच ओसाकात गल्लोगल्ली मांस भाजतात. म्हणजे भीती बदलते, असं तिला म्हणायचं होतं.

धाकटी : बदलते. पण एका देशाला किती दशकं लागली! माझ्याकडून तू रविवारपर्यंत मागतेस. आणि सम्राटाने खाल्लं म्हणून किती लोकांच्या पोटात ते खरंच बसलं, हे कोणी लिहून ठेवलंय का?

ताई : मी रविवारपर्यंत मागत नाही. मला फक्त तू सुकत चाललेली बघवत नाही. काही होणार नाही गं. हा जपान आहे. इथे लोक नळाचं पाणी पितात. इतकी स्वच्छता आपल्या घरातही नसते.

धाकटी : ‘काही होणार नाही’ हे वाक्य तू मला शंभरदा सांगितलंस. ऐकलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग मन म्हणतं, पण झालं तर? तू ते म्हणू नकोस. झालं तर काय करायचं, ते आपण ठरवू. मला त्याने खरंच बरं वाटतं.

आणि त्या रात्री दोघींनी खरोखरच ठरवलं. कागद घेतला. उलटी झाली तर पहिली गोष्ट, ओआरएसचं पाकीट एक लीटर पाण्यात आणि घोटघोट प्यायचं. पाकिटं धाकटीच्या बॅगेत होतीच. (1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना सांभाळलं. धाकटीला ही गोष्ट पाठ आहे. सगळ्यात वाईट वेळीही उपाय इतका साधा असू शकतो, याचा तिला आधार वाटतो.) जास्तच झालं, ताप आला, रक्त दिसलं, पाणीही टिकेना, तर 119 वर फोन. स्वच्छतागृह जवळपास प्रत्येक स्टेशनवर आणि बऱ्याच दुकानांत आहे. त्या दिवशी सगळ्यांनी थांबायचं नाही, एक जण धाकटीबरोबर राहील, बाकीचे फिरतील. हे शेवटचं धाकटीने लिहायला लावलं. प्रवासात पोट बिघडलं तर ते बहुतेकदा काही दिवसांत आपोआप सावरतं, हे ताईने सांगितलं, आणि या वेळी धाकटीने ते मान हलवून ऐकलं, कारण ते समजूत घालण्यासाठी सांगितलं नव्हतं.

मग कोयासानचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे जाणार होतो. नांबा स्टेशनहून गाडी, शेवटी डोंगर चढणारी केबल कार आणि मग कूकाई नावाच्या भिक्षूने 816 मध्ये मिळवलेल्या जागेवरचं ते देवळांचं गाव. तिथे अजूनही पन्नासेक देवळांत प्रवाशांना राहता येतं. पहाटे पूजा असते, काही देवळांत अग्नीत आहुती देतात, आणि संध्याकाळचं जेवण शोजिन र्‍योरी. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. रस्सा कोंबू आणि शिताके मशरूमचा. तिळाचा मऊ तोफू आणि गोठवून वाळवलेला, त्याच डोंगराच्या नावाने ओळखला जाणारा तोफू. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आमच्या आईला आनंद व्हावा असंच सगळं.

ताई : म्हणून तर मी हे ठेवलं. तिथे तुझा प्रश्नच नाही.

धाकटी : आईचा नाही. माझा आहे.

ताई : आता काय? मासा नाही, काही नाही!

धाकटी : मला माशाची भीती नाही, ताई. अनोळखी गोष्टीची आहे. तिथे प्रत्येकापुढे स्वतंत्र मेज येईल, त्यावर बारा वाट्या, एकही ओळखीची नाही, ठरलेली वेळ. समोर देवळातला माणूस नम्रपणे वाढणार आणि ताटात टाकणं वाईट दिसणार. माझ्यासाठी हे ओकोनोमियाकीपेक्षा अवघड आहे.

ताई अवाक झाली. मला वाटतं, त्या क्षणी तिला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस ती आईचा प्रश्न सोडवत होती आणि तो धाकटीचा सुटला असं समजत होती. शाकाहारी जागा शोधणं हे कष्टाचं काम आहे आणि तिने ते मनापासून केलं होतं. पण ते दुसऱ्या कुलपाच्या किल्लीसारखं होतं.

ताई : मग जायचं नाही का?

धाकटी : जायचं. मला जायचंय. सकाळी तू देवळाला फोन करून एवढंच विचार की ताटात काय असतं, आणि त्यांच्याकडे फोटो असेल तर मला पाठवायला सांग. मी गाडीत बघून ठेवेन. भात आणि सूप मी खाईन. तिसरी एक वाटी मी निवडेन, कुठली ते आत्ता विचारू नकोस. बाकीच्या वाट्या दादाकडे सरकवायच्या, तो खाईल. आणि जेवताना माझ्याशी जेवणाबद्दल बोलायचं नाही. पूजेबद्दल बोल, थंडीबद्दल बोल, ऑफिसबद्दल बोल.

ताई : आणि डबा?

धाकटी : डबा बरोबर येईल.

ताई : तो ओसाकातच लॉकरमध्ये ठेव. एकच रात्र. डबा असेल तर तू आधीच हरलेली असशील.

धाकटी : डबा असेल तर मी बसू शकेन.

ताई : मला नाही पटत.

इथे मी बोललो. एरवी मी दोघींच्या मध्ये पडत नाही. पण या एका मुद्द्यावर दोघीही थोड्या थोड्या बरोबर आहेत, असं मला वाटत होतं. ताट समोर येण्याआधी डबा उघडला तर ताईची भीती खरी ठरेल, सुटका आधीच झालेली असेल आणि मन काही नवीन शिकणार नाही. पण डबा नसेलच, तर धाकटी ताटापर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून मी म्हणालो, डबा न्यायचा, पण जेवण झाल्यावर खोलीत उघडायचा. कितीही खाल्लं असो, थोडंसंच खाल्लं असो, किंवा काहीच खाल्लं नसो.

धाकटीला हे पटलं. दुपारी गाडीत दशमी खायची ती खायचीच, एवढी अट तिने घातली. ताईला पूर्ण पटलं नाही आणि तिने तसं सांगितलं. डब्याची सवय कधी सुटणार, हा तिचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर एका सहलीत मिळणार नाही हेही ती जाणते.

ताई : ठीक आहे. पण एक गोष्ट मला हवी. परत गेल्यावर तू त्या समुपदेशक बाईंकडे जाणं थांबवायचं नाही. गेल्या वर्षी बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलंस.

धाकटी : नाही थांबवणार.

ताई : आणि बाबांना परवा सुशीच्या दुकानात नेते. तू बाकावर बस.

धाकटी : बसेन. तू सावकाश जेव, मला वाट बघायला काही वाटत नाही. देवळाचा फोन नंबर मी तुला आत्ताच पाठवते, आठ वाजता कर.